सोळा, शंभर

कॅमेऱ्यावर गोमूत्र शिंपडलं तेव्हा माझा हात अजून त्याच्यावरच होता. दोन थेंब मनगटावर उडाले. देशमुखाच्या चौकात पन्नासेक माणसं उभी होती, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. त्याची लाज आज वाटते.

मी जातीचा चांभार. जालन्याच्या बाजारात जोडे शिवायचो. तिथले एक फोटोवाले मास्तर एकदा कॅमेरा घेऊन आले. घडीचा कॅमेरा, त्याला चामड्याचा भाता. भात्याला कुठंतरी भोक पडलेलं, त्यामुळं दर फोटोवर पांढरा पट्टा येत होता. मी भाता उन्हात धरून भोक शोधलं आणि शेळीचं पातळ कातडं आतून चिकटवलं. मास्तर खूश झाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, भिंगाभोवतीचे बारीक इंग्रजी आकडे त्यांना दिसेनासे झाले होते. मग ते मला कामावर सोबत नेऊ लागले. ते आकडे सांगायचे, मी लावायचो.

दोनच आकडे. एक भिंगातून उजेड आत घेणाऱ्या भोकाचा, एक वेळेचा. भोकाचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक. वेळेचा आकडा शंभर म्हणजे भोक डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटणार, पंचवीस म्हणजे त्याच्या चौपट वेळ उघडं राहणार. जाड आरी कुठं आणि बारीक आरी कुठं, हे चांभाराला सांगावं लागत नाही. मला हेही लगेच उमगलं. कडक ऊन असलं तर सोळा, शंभर. सावली असली तर आठ, पंचवीस.

मजुरी नको म्हणालो. बायकोचा एक फोटो द्या.

गिरजाला क्षय झाला होता. हकिमाने हात टेकले होते. पोरगी सव्वा वर्षाची. माय कशी होती हे पोरीला पुढं कळावं, एवढंच मला पाहिजे होतं. मास्तर म्हणाले, लढाईमुळं हैदराबादेहून फिल्म येईना झाली, एका रोलात आठच फोटो, तुझ्या बायकोसाठी एक कसा घालवू? मग तोडही त्यांनीच काढली. अंबडच्या वाटेवर गिरजाचं माहेर होतं, तिथल्या देशमुखाकडं काम निघालं होतं. देशमुखाला आपल्या पदरची सगळी माणसं मागं उभी करून फोटो पाहिजे होता. गिरजाचा बाप त्याच्या घरचे जोडे शिवायचा, तेव्हा तिनंही त्यांच्यात उभं राहायचं. त्याची एक प्रत माझी.

गिरजा भावजयीचं हिरवं लुगडं नेसली. ऐनवेळी खोकला येऊ नये म्हणून सकाळपासून खडीसाखर तोंडात धरून होती.

"माझं तोंड येईन ना बराबर?" तिनं विचारलं.

"आकडा मीच लावनार हाय," मी म्हणालो.

देशमुख आणि त्याचे भाऊबंद उन्हात खुर्च्यांवर बसले, पांढरे फेटे बांधून. पदरची माणसं मागं, गोठ्याच्या छपराखाली. चांभाराचा हात लागलेल्या वस्तूसमोर देशमुख बसणार कसा? म्हणून रीत ठरली. मी आकडे लावायचे, भटजींनी दर्भाने गोमूत्र शिंपडायचं, मी दहा पावलं मागं सरायचं, मग मास्तरांनी कळ दाबायची. दर फोटोला असंच. मास्तर धोतराच्या सोग्यानं भिंग पुसत होते. भात्याला मीच लावलेलं कातडं आत तसंच होतं, त्यानं कॅमेरा बाटला असं कुणी म्हणालं नाही.

सगळ्यांच्या फोटोची पाळी आली. मास्तर म्हणाले, "सोळा, शंभर."

छपराखाली गर्द सावली होती. मी मास्तरांच्या कानाशी लागलो. देशमुखानं ते पाहिलं.

"काय म्हनून राह्यला रे तो?"

मीच बोललो. "मालक, मागच्यांची तोंडं येनार न्हाईत. त्यांना उन्हात घ्या, न्हाईतर एक फोटो त्यांच्या मापानं काढू."

देशमुख हसला. "त्यांची तोंडं कुनाला पाह्यची हाईत? डोकी मोजता आली म्हंजे झालं."

सगळे हसले. छपराखालचेही हसले.

भिंगाभोवतीची आकड्यांची कडी माझ्या बोटात होती. आठवर फिरवली असती, वेळ पंचवीसवर नेली असती, तर गिरजा आली असती. देशमुखाचं तोंड आणि फेटा मिळून एक पांढरा धब्बा झाला असता. मास्तरांना आकडा दिसत नव्हता, दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. मी सोळावर नेली. शंभरवर नेली. दोन थेंब अंगावर घेतले आणि मागं सरलो.

गिरजा दिवाळीच्या आधी गेली. फोटो नंतर आला. पुढं देशमुख, त्याच्या मिशीचा केस न् केस दिसतो. मागं काळोख, त्यात डोक्यांचे आकार. मोजता येतात. एकोणतीस.

पोरगी चार वर्षांची झाली तेव्हा फोटो हातात घेऊन तिनं विचारलं, "बा, ह्यातली माय कोनती?" मी एका काळ्या आकारावर बोट ठेवलं. तो गिरजाचाच होता का, हे मलाही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या कुणी तिचं तोंड पुसलं नव्हतं. माझ्या बोटांनी पुसलं होतं.

त्याच वर्षी देशमुखाच्या नातवाचं बारसं निघालं. तोच चौक, तेच छप्पर, छपराखाली तीच माणसं, त्यांच्यात माझा सासरा. मास्तरांना आता माणसंही धूसर दिसत होती. ते म्हणाले, "सोळा, शंभर." मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आधी त्यांना उन्हात आना," मी म्हणालो.

"अन् न्हाई आनलं तर?" देशमुखानं विचारलं.

"तर मी हात लावीत न्हाई."

देशमुखानं पायातला जोडा काढला. माझ्या सासऱ्यानं शिवलेला जोडा, टाका ओळखीचा. त्याच जोड्यानं मला मारलं. छपराखालून एकही माणूस उन्हात आला नाही. सासरा खाली बघत राहिला. मास्तर म्हणाले, "अरे, ऐक. दोन आकड्यांचं तर काम आहे." मी रक्त पुसलं आणि जालन्याची वाट धरली.

मास्तरांनी अंदाजानं कडी फिरवली. आठातला एकही फोटो आला नाही असं पुढं कानावर आलं. मला आनंद झाला नाही. गिरजाचं तोंड त्यानं परत येत नव्हतं.

मास्तर तीनदा बोलवायला आले. तिन्ही वेळा मी एकच सांगितलं, सावलीतली माणसं आधी. ते पुन्हा आले नाहीत. मी जोडेच शिवतो. पण एका गोल कातड्यावर आरीनं सगळे आकडे कोरले आहेत आणि रोज पोरीकडून ते घोकून घेतो. तिच्या हातात कॅमेरा कुठून येणार, मला ठाऊक नाही. आला तर आकडा कुणासाठी लावायचा, ते तिला पक्कं ठाऊक आहे. मागं उभं असलेल्याच्या तोंडासाठी. पुढचे फेटे पांढरेफट्ट पडले तर पडू देत.