पाचवा वरंबा

आमचे हे रस्ते सपाट करायचं मशीन चालवतात. घरी आले तरी अंगातलं सपाटीकरण काही जात नाही. डब्यातली साखर चमच्याने सारखी करतील, गादीतला खड्डा शोधतील, आणि वर मलाच विचारतील, "इथे कोण झोपतं गं?" कोण झोपणार? तुम्हीच!

लेक मात्र उंचवट्यांच्या मागे. गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्याच्या उतारावर गोट्यांचे चार वरंबे आहेत, एकाखाली एक. पूर्वी पाऊस भरपूर, म्हणून तळं वरपर्यंत होतं आणि लाटांनी काठाला गोटे लावले. पाऊस घटला, काठ खाली सरकला, तिथे नवा वरंबा. हजारो वर्षांचं हवामान असं त्या उतारावर बसलंय म्हणे. तिने त्यांचा नकाशा काढला होता आणि तिच्या कॉलेजच्या मॅडम तो तपासायला येणार होत्या. पटला तर पदवी, नाहीतर आणखी एक वर्ष.

लेक मॅडमना आणायला स्टेशनवर गेली आणि ह्यांना माया दाटून आली. "बाई ठेचकाळतील गं!" वरंब्यांना हात लावायचा नाही ही लेकीची ताकीद, म्हणून त्यांच्या खालची वाट सपाट केली. निघालेले गोटे नीट ओळीने कडेला लावले.

मॅडम आल्या त्या हरखल्याच. "अगं, हे तर पाच! नकाशात चारच कसे?"

लेक पांढरीफटक. "मॅडम, हा काल नव्हता."

"तळ्याचा वरंबा एका रात्रीत येतो? मोजायला विसरलीस आणि आता सारवासारव?" त्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

हे माझ्या मागे लपलेले. मी असे डोळे वटारले की मुकाट पुढे झाले.

"मॅडम, ते तळं मी आहे."

"काय?"

"तुमचा पाय मुरगळू नये म्हणून केलं. ते बघा मशीन. पोरीचे चार म्हणजे चारच."

मॅडमनी वाकून त्या वरंब्यातून एक प्लॅस्टिकची चप्पल उपसली आणि खो खो हसत सुटल्या. मग लेकीला म्हणाल्या, "चप्पल नसती तर कसा ओळखला असतास?"

"लाटा गोटे घासतात, लहानमोठे वेगळे करतात. बाबांनी सगळे एकत्र ढकललेत."

"ढकललेत काय? रचलेत!" हे भडकले. "लेव्हल बघ जरा!"

पदवी मिळाली. मॅडमच्या हट्टापायी नकाशात पाचवा वरंबाही काढलाय. बाकी चारांपुढे लिहिलंय, 'कारण: पाऊसमान'. पाचव्यापुढे लेकीने लिहिलंय, 'कारण: बाबा'.