पहिला घोट

वाइन मागवली की वेटर आधी घोटभरच ओततो. मागवणाऱ्याने चाखायची, मान हलवायची, मगच बाकीचे ग्लास भरायचे. आज शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटेच बसले होते. त्यांनी त्या घोटात बोट बुडवलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे थेंब उडवले, पिणारे गेलेल्यांच्या नावाने उडवतात तसे. मग ओठही न लावता म्हणाले, “ही म्हणतेय, आंबलीय. दुसरी आणा.”

वेटरने काउंटरवर जाऊन चाखली. त्याचं तोंड वाकडं झालं.

माणूस गेल्यावर त्याची आवड मागे राहते, हे ठाऊक होतं. जीभही राहत असेल?

आमची बाटली आली. आजवर मीच चाखत आलोय. आज ग्लास बायकोपुढे सरकवला. “आधी तू सांग.”

“आज काय झालं तुला?”

शेजारी वेटर नव्या बाटलीतून दोन्ही ग्लास भरत होता.