याच्यात तुमचं काय?

लग्नात मोठे बाबा कधीच पहिल्या पंगतीला बसले नाहीत. आधी मांडवामागे चुलीकडे जायचे आणि आचारी स्वतः काय खातो ते बघून यायचे. आचाऱ्याने स्वतःसाठी वेगळी भाजी टाकलेली दिसली, की नवरीच्या मामाने कितीही आग्रह करो, मोठे बाबा वरणभात खाऊन उठायचे. "जो आपल्या हातचं खात नाही, त्याचं आपण काहून खावं?" एवढंच म्हणायचे. आमच्या आसगावात त्यांना माघारी 'पंचनामा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि हे नाव कोणी ठेवलं याचाही त्यांनी तपास लावलेला होता.

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बाबा अगदी उलट, समोरचा म्हणेल त्याला हो म्हणणारे. दुकानदार देईल ते धानाचं बियाणं बाबा मुकाट्याने घेऊन यायचे. मोठे बाबा त्यातले मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि कोंब फुटलेले पाहिल्यावरच पोतं आत घेऊ द्यायचे. बाबा म्हणायचे, "दादा, दुकानदार चांगला माणूस आहे गा." मोठे बाबा म्हणायचे, "असंन. पण उगवाचं त्याले नाही, बियाण्याले आहे."

संशय आला की त्यांचा डावा डोळा बारीक व्हायचा आणि मागोमाग प्रश्न यायचा, "बरं, याच्यात तुमचं काय?" विमावाला असो, सोयरीक घेऊन आलेला मध्यस्थ असो, मत मागायला आलेला पुढारी असो, सगळ्यांना हाच प्रश्न. मीही सुटले नाही. एकदा लाडात येऊन त्यांचे पाय चेपायला बसले, तर डोळा बारीक झाला. "काय पाहिजे तुले?" मला खरंच सहलीला जायचं होतं!

आमच्या भागात बारावीचा निकाल लागला की कॉलेजचे मास्तर मोटारसायकलवर गावोगाव निघतात. पोरं मिळाली नाहीत तर तुकडी बंद पडते. म्हणून घरोघरी जायचं, चहा प्यायचा, आपल्या विषयाला किती स्कोप आहे ते सांगायचं आणि उठताना पोरीची टीसी, मार्कशीट मागून न्यायची. कागद एकदा त्यांच्या पिशवीत गेले की पोरगी त्यांची. माझ्या वर्षीही ते आले. मला वनस्पतीशास्त्र घ्यायचं होतं, पण मी कोणाजवळ तोंड उघडलं नव्हतं. बाबांनी पहिल्याच मास्तरापुढे मान डोलावून मला कॉम्प्युटरला दिल्यासारखंच केलं होतं. कागद मोठ्या बाबांच्या पेटीत होते म्हणून मी बचावले.

मोठे बाबा त्या कॉम्प्युटरच्या सरांसमोर येऊन बसले. स्कोप सगळा ऐकून घेतला. मग म्हणाले, "सर, तुमची पोरगी काय शिकून राहिली?"

"ती नागपूरला असते. डॉक्टरकीची तयारी करते."

"म्हणजे तुमची भाजी वेगळी आहे," मोठे बाबा म्हणाले. सरांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी आत पळाले.

त्यानंतर आठवडाभरात वनस्पतीशास्त्राचे सर आले. हडकुळे, उन्हाने रापलेले. ठरलेला प्रश्न आला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझं असं आहे काका, की पोरं नाही भेटली तर माझी तुकडी बंद होते. मग मले कुठं पाठवतीन त्याचा भरवसा नाही."

मोठ्या बाबांनी आत आवाज देऊन त्यांच्यासाठी आणखी चहा मागवला. आमच्या घरात दुसरा कप मिळालेला मास्तर मी तो एकच पाहिला. ते गेल्यावर मात्र डोळा माझ्याकडे वळला. "तू काहून हसून राहिली? याच्यात तुहं काय?"

"त्या विषयाले स्कोप आहे."

"हे पाठ केलेलं होय. आपलं सांग."

"मले गवत पाहाले आवडते," मी म्हणाले. बाबा हसले, मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, तीही हसली. मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं. हसले नाहीत ते फक्त मोठे बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेतावर नेलं. रोवणीसाठी टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, हिरवेगार झाले होते. त्या रोपांत अगदी धानासारखंच दिसणारं गवत उगवतं, ते ओळखताना भलेभले फसतात. मोठ्या बाबांनी दोन्ही उपटली, शेंडे खुडून टाकले आणि सगळी मिसळून बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, ठेवली. "निवड." मी निवडली. धानाच्या पानाच्या बुडाशी बारीक पांढरा पापुद्रा असतो, गवताला तो नसतो. त्यांनी मला पाठ फिरवायला लावून पुन्हा मिसळली. मी पुन्हा निवडली.

"मोठ्या आईनं शिकवलं असंन."

"नाही, ती रंगावरून ओळखते. मी माह्या मनानं पाहिलं."

ते घरी आले आणि मला बाहेर उभं करून मोठ्या आईला वेगळं विचारलं. मग पेटी उघडली आणि कागद माझ्या हातात दिले. "तूच नेऊन दे. दुसऱ्याच्या पिशवीत टाकू नको. अन् त्या मास्तरवर नजर ठेवजो."

मोठे बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यातही डॉक्टरांना विचारत होते, "हे औषध तुम्ही घेता काय?"

मी आता तोच विषय शिकवते, आणि निकाल लागला की सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गावोगाव फिरते. यंदा सानगडी गावाकडच्या एका घरी गेलो. मी अर्धंच बोलले असेन, तोच मुलीचे वडील आतून कागदांची पिशवी घेऊन आले. "मॅडम, तुम्ही म्हणता म्हंजे चांगलंच असंन." मुलगी दाराला टेकून उभी होती. सहकाऱ्याने हात पुढे केला. त्या घरात कोणालाच काही विचारायचं नव्हतं. मला मोठ्या बाबांची आठवण आली.

मी मुलीला म्हणाले, "बाई, तू मले विचार ना, याच्यात माझं काय ते."

ती बापाकडे बघत चाचरत म्हणाली, "काय आहे, मॅडम?"

"पोरं नाही भेटली तर माझी तुकडी बंद होते."

सहकाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. बापाचा हात पिशवीसकट तिथेच थांबला. मुलीने पुढे होऊन ती पिशवी घेतली आणि आत ठेवून आली. संपलं, असं समजून मी उठले.

"मॅडम," ती डोळे बारीक करून म्हणाली, "तुमची पोरगी काय शिकून राहिली?"

मी पुन्हा खाली बसले. मनात म्हटलं, मोठे बाबा, ही आता फसायची नाही.