सासूबाईंचा गुलाब

त्यांना सगळे गुलाबराव म्हणायचे. हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी ठेवलं होतं. ते कौतुकाने ठेवलंय अशी गुलाबरावांची समजूत होती. ती दूर करण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही, कारण गुलाबरावांना काही सांगायला गेलं की आपल्यालाच तासभर ऐकून घ्यावं लागायचं.

नोकरी वर्तमानपत्राच्या कचेरीत. दुसऱ्यांनी लिहिलेलं कापायचं, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत इमानेइतबारे केलं. बातमी लग्नाची असो की मरणाची, त्यांच्या टेबलावरून ती निम्मी होऊनच पुढे जायची. "कापलं की बाळसं धरतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर वार्ताहर पाठीमागे काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले आणि गच्चीवर गुलाब आले. तेही साधेसुधे नाहीत, जुन्या वाणाचे. दुकानातल्या लांब दांड्यांच्या गुलाबांना ते प्लास्टिकचे म्हणत. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला गच्चीवर नेत, डोळे मिटायला लावत आणि नाक फुलात खुपसायला लावत. पाहुणा "छान आहे" म्हणाला की सुटका नाही. "छान म्हणजे नेमका कसा?" असा उलट प्रश्न यायचा. एका शेजाऱ्याने घाबरून "साबणासारखा" असं सांगितलं, तर त्याला पुन्हा कधी चहाचं बोलावणं गेलं नाही.

अशा या गच्चीत सासूबाईंचा गुलाब येऊन पडला. सासूबाईंनी घर विकलं आणि लेकीकडे राहायला आल्या, त्या गंजक्या डब्यात त्याची एक फांदी रुजवून घेऊनच. तिकडे घरामागच्या भिंतीवर त्याचं रान माजलेलं असायचं. वर्षातून एकदाच फुलायचा, फिकट गुलाबी, पाकळ्या इतक्या की फुलाला मान धरवत नसे. सासूबाईंची नजर जवळजवळ गेली होती. "दिसलं नाही तरी चालेल," त्या लेकीला म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा वास मिळू दे. डोळे मिटले की घर दिसेल."

गुलाबरावांनी झाड ताब्यात घेतलं. चौकशी सुरू झाली.

"तिकडे याची छाटणी कोण करायचं?"

"कुणी नाही हो, जावईबापू. त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? आपलं आपण फुलायचं."

गुलाबरावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या माहेरच्या एकूण गबाळेपणाचा आज उलगडा झाला, असं त्या बघण्यात होतं.

मग दर थंडीत छाटणीचा सोहळा व्हायचा. कात्री उकळत्या पाण्यातून निघायची, चष्मा पुसला जायचा, बायकोला टोपली धरून उभं केलं जायचं. वर्षभर वाढलेल्या फांद्या पार गुडघ्याखाली यायच्या. "बघच आता," गुलाबराव घाम टिपत म्हणायचे. ती बघायची. थंडी सरली की पालवी यायची, झाड हिरवंगार व्हायचं आणि पुढच्या थंडीपर्यंत हिरवंगारच राहायचं. कळी म्हणून नाही. शेजारच्या कुंड्यांमधले गुलाब फुलून जायचे.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं गुलाबरावांचं अंगण दर वर्षी नव्या बाजूला वाकायचं. एका वर्षी पाणी जड होतं, दुसऱ्या वर्षी कुंडी उथळ. मग फांदीच वांझोटी निवडली, असं त्यांनी सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. फिरायच्या मंडळींना मात्र ते या झाडावरून संयमाचे धडे द्यायचे.

सासूबाई गच्चीच्या दाराशी खुर्चीत बसायच्या. थंडी संपली की रोज विचारायच्या, "आली का गं कळी?" लेक जाऊन पानं उलटी करून बघायची आणि "अजून नाही, आई," म्हणायची. शेवटच्या वर्षी त्यांना खुर्चीतही बसवेना, तेव्हा त्यांनी जावयालाच बोलावून विचारलं.

"पुढच्या वर्षी नक्की," गुलाबराव म्हणाले. "गुलाबाला धीर लागतो, आई."

सासूबाई हसल्या. त्यांच्याकडे धीर भरपूर होता, वर्ष नव्हतं. पाऊस यायच्या आत त्या गेल्या. बायको रडली नाही, नुसती गप्प झाली, आणि गुलाबरावांना ते रडण्यापेक्षा सोपं वाटलं.

त्या थंडीत गुलाबराव पडले. स्वतःच रोज ओतलेल्या पाण्याने गच्चीवर शेवाळ धरलं होतं, त्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं. माळी बोलवायचा का, असं बायकोने विचारलं तर म्हणाले, "परक्याच्या हातात कात्री? त्यापेक्षा झाडं तशीच राहू देत." झाडं तशीच राहिली.

थंडी सरली आणि सासूबाईंचा गुलाब कळ्यांनी लगडला. आठवड्याभरात इतका फुलला की वास जिन्यात उतरला. खालच्या मजल्यावरची बाई अत्तर सांडलं का म्हणून विचारायला वर आली. गुलाबरावांचा आनंद गच्चीत मावेना. फिरायची सगळी मंडळी चहाला बोलावली गेली. साबणवाल्या शेजाऱ्यालाही माफी मिळाली.

"लोक हार मानतात," पाहुण्यांना डोळे मिटायला लावून गुलाबराव बोलत होते. "मी मानली नाही. हाडांचं खत, वेळेवर पाणी आणि दर वर्षी न चुकता..."

बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताने एक फांदी सगळ्यांपुढे वाकवली आणि तिथेच थांबले. फूल कोवळ्या फुटव्यावर नव्हतं. ते गेल्या वर्षीच्या जाड, तपकिरी फांदीवर होतं. त्यांनी दुसरी फांदी पाहिली, तिसरी पाहिली. सगळी फुलं जुन्या फांद्यांवरच होती. गेल्या थंडीत हात धड असता तर नेमक्या याच फांद्या टोपलीत गेल्या असत्या. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दैव दर वर्षी देत होतं आणि न्यायला जावई कात्री घेऊन हजर होता.

"दर वर्षी न चुकता काय?" शेजाऱ्याने विचारलं. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"चहा निवतोय," गुलाबराव म्हणाले.

मंडळी गेल्यावर बायको गच्चीवर आली. कपबशा गोळा न करता तीही फांद्या वाकवून बघायला लागली. टोपली इतकी वर्षं तिनेच धरली होती, तिला वेगळं समजवायची गरज नव्हती.

"म्हणजे यातलं कापलं नाही, तरच फुलतं?"

"असं दिसतंय खरं. काही जुने वाण तसे... पण पुस्तकात छाटणीचं..."

"आईने सांगितलं होतं तुम्हाला. आल्या दिवशीच."

गुलाबरावांनी घसा साफ केला. सगळ्याच गुलाबांना छाटणी लागते असा सर्वसाधारण समज आहे, असं काहीतरी ते बोलायला लागले आणि वाक्य अर्ध्यावरच विरलं.

तिने एक फूल खुडलं. नाकाशी धरलं आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्यांच्या प्लास्टर निघालेल्या, बारीक पडलेल्या मनगटाकडे.

"हा हात एक वर्ष आधी मोडायला हवा होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता हिशेब होता.

गुलाबराव मान खाली घालून उभे राहिले, कारण त्यांनाही तेच वाटत होतं.