मिरचीतून गळलेली वीज

माझी लेक सहावीत. तिने वर्गात आधीच सांगून टाकलेलं, मी केस उभे करणारं मशीन आणते म्हणून. आणि उद्या प्रदर्शन, आणि मशीन ढिम्म!

मशीन म्हणजे काय, तर खाली खेळण्यातल्या गाडीची मोटर, तिच्या पप्पांनी कल्याणहून आणलेली. वर प्लास्टिकचा पाइप, त्यात फिरणारा रबरी पट्टा, आणि डोक्यावर माझे दोन स्टीलचे वाडगे तोंडाला तोंड लावून बसवलेले. पट्टा घासला की वाडग्यांत वीज साठते म्हणे. मी तर मिक्सरचं बटण पण चप्पल घालून दाबते. माझी शाळा आठवीत सुटली, मला काय कळणार यातलं!

"आई, बघ ना जरा, पप्पा कामावर गेलेत."

"मी? अगं, मेले म्हणजे?"

"सेलवर चालतं गं ते! कोणी मरत नाही."

पट्ट्यात ओल असेल म्हणून हेअर ड्रायर मारला. काही नाही. हाताचं तेल लागलं असेल म्हणून वाडगे पुसपुस पुसले. काही नाही. "काल तर चालत होतं," म्हणून लेक रडायलाच लागली, सगळे हसतील म्हणे.

आणि मला बारीक आवाज आला. सूंऽऽ. घाबरत घाबरत कान पुढे नेला, तर आवाज मिरचीतून! सकाळी सासूबाईंनी वाडग्याच्या काठाला लिंबू-मिरची बांधलेली, नातीच्या मशीनला नजर नको म्हणून.

"आई, टोक! टोकातून वीज गळते! सरांनी सांगितलेलं, टोकदार काही ठेवू नका."

आता सासूबाईंना सांगणार कोण? त्यापेक्षा शॉक परवडला.

"अहो आई, ती लिंबू-मिरची..."

"का? काय केलं तिने तुझं?"

"नाही, म्हणजे... सगळी वीज ओढून घेतेय हो ती."

त्या एकदम फुलल्या. "बघ किती कडक आहे! डोंबिवली स्टेशनबाहेरच्या बाईकडची. मी नेहमी तिच्याकडूनच घेते." आणि स्वतःच सोडून दाराला बांधायला गेल्या.

आता केस कोणाचे? लेकीच्या तेल चोपडलेल्या वेण्या. मी नुकतीच न्हालेली, केस मोकळे. चढवलं मला प्लास्टिकच्या स्टुलावर. वाडग्यावर हात, डोळे गच्च मिटलेले, देवाचं नाव चालू. कानापाशी गुदगुल्या झाल्या, मग मानेपाशी.

"उठले! आई, केस उठले!"

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. मला बघितलं आणि जागच्या जागी हात जोडले.

"अगं बाई! अंगात आलं हिच्या!"

लेक हसून हसून लादीवर लोळतेय. सासूबाई जवळ आल्या, हळूच विचारलं, "माउली, आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कधी होणार गं?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या माझ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या. मी वाडग्यावरचा हात काढलाच नाही. जाड आवाजात म्हटलं, "आधी नातीचं प्रदर्शन होऊ दे. तोवर मशीनला काही बांधायचं नाही!"