मिटलेलं बोंड

जठारपेठेतल्या त्या बालवाडीच्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. नातीला आणायला गेलो की त्या पायरीवर, मुलांमध्येच बसलेल्या दिसायच्या.

एकदा प्रत्येक मुलापुढे कपाशीचं मिटलेलं हिरवं बोंड होतं. मुलं ते कानाशी धरत, हुंगत, परत ठेवत. ऊन सरकलं की बाई एकेक बोंड बोटानं हळूच उन्हात सरकवायच्या.

"याच्यात काय हाय, आबा?" नातीनं विचारलं.

आयुष्यभर विज्ञान शिकवलेला मी. "कापूस," म्हणून मोकळा झालो. तिनं बोंड ठेवलं आणि चप्पल शोधू लागली.

बाई हसल्या. "सांगून टाकलं सर तुमी. आता थे पोरगी पाहीन काहून?"

दोन दिवसांनी बोंडं उकलली. मुलं पांढरा कापूस गालांना लावत होती. नात म्हणाली, "मले तं माईतच होतं."

एक बोंड अजून मिटलेलं होतं. बाईंनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. इतकी वर्षं फळ्यावर बोंड काढलं. उकलताना एकही पाहिलं नव्हतं. मी पायरीवर उन्हात बसलो.

"काय पाहून रायले, आबा?"

मी तळहातावरचं बोंड बोटानं हळूच उन्हात सरकवलं. थोड्या वेळानं ती शेजारी येऊन बसली.