उजनीचं पाणी उजनीला

माझा उजवा खांदा दोन वर्षं आखडला होता. हात कानाच्या वर जात नसे, म्हणून रोज सकाळी माझी वेणी हे घालत. ज्या माणसाला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्यानं घातलेली वेणी कशी दिसत असेल, ते सांगायला नको.

खांदा सुटत आला तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता वल्हं मारायलाही हरकत नाही. आमच्या सकाळी फिरणाऱ्या टोळक्याला तेवढंच निमित्त पुरलं. उजनीच्या जलाशयातल्या एका बेटावर मुक्काम ठरला. सहा माणसं आणि तीन कॅनू, म्हणजे लांबट, हलक्या होड्या. मी तिथंच जाहीर केलं, जाता-येता आमची होडी मीच वल्हवणार. कुणी ओढून न्यायची नाही.

"आणि नाही जमलं तर?" टोळक्यातल्या निवृत्त मास्तरांनी विचारलं.

"तर वर्षभर माझी वेणी तुम्ही घाला."

सोलापूरचा माणूस एक वेळ चप्पल विसरेल, पण पाणी विसरणार नाही. नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे भरलेलं भांडं दिसल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर आम्ही पाण्याचे सहा मोठे जार नेले. काठावरचा होडीवाला ते बघतच राहिला.

"हे कुटनं आणलं?"

"सोलापुरातनं."

"आन् सोलापुरात कुटनं येतंय?"

आमच्या नळाला उजनीचंच पाणी येतं. होडीवाला हसला नाही, पण त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

प्रत्येक होडीत दोन जार, तेही मागच्या टोकाला ठेवले. स्कूटरवर ओझं मागंच बांधायची सवय. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे आम्ही न दमता बेटावर पोचलो आणि स्वतःला पट्टीचे नावाडी समजू लागलो. मास्तरांचा तंबू वाऱ्यानं दोनदा पाडला. दुसऱ्यांदा ते आतच होते. आमटीत भाकरी चुरली, तिच्यात वाळूही आली, आणि ती वाळूसकट मिटक्या मारत खाल्ली. इतकी मी कित्येक दिवसांत हसले नव्हते.

सकाळी तोच वारा तोंडावर आला. बाकीच्या दोन होड्यांत पुढं बसलेली माणसं चांगली वजनदार होती. त्या हळूहळू का होईना, निघाल्या. आमच्या होडीत पुढं हे, म्हणजे नुसती काडी. मागं मी आणि दोन जार. होडीचं नाक वर उचललेलं, वारा ते फिरवायचा, आणि आम्ही पुन्हा बेटाकडं तोंड करून उभे. असं तीनदा झालं.

आमची खबर घ्यायला होडीवाला त्याच्या इंजिनाच्या होडीतून आला. हातात दोर होता.

"ताई, दोर टाकू का?"

मला संताप आला. वाऱ्याचा, खांद्याचा आणि त्या दोराचाही. "नको," मी म्हटलं, आणि आवाज रडका निघाला.

त्यानं आमची होडी नीट न्याहाळली. "मग ते जार फुडं घ्या की. नाक हलकं हाय, म्हणून वारं फिरवतंय."

बेटाला टेकून आम्ही दोन्ही जार यांच्या पायांशी सरकवले. नाक खाली बसलं आणि होडी सरळ चालू लागली. होडीवाला दोर गुंडाळून लांबून सोबत राहिला. खांदा दुखत होता, पण दोन वर्षांत पहिल्यांदाच काम करून दुखत होता. खाली काठाची वाळू खरखरली तेव्हा मास्तरांनी शिट्टी मारली.

सामान चढवताना ते म्हणाले, "जार ओतून टाकू, ओझं कमी होईल."

"आज नळाचा वार नाही," चौघं एकदम म्हणाले. जार उरलेल्या पाण्यासकट गाडीत चढले.

"पानी फिरवाया आणलं हुतं व्हय?" होडीवाला म्हणाला, आणि या खेपेला तोही हसला.

वाऱ्यानं माझ्या केसांचं घरटं केलं होतं. यांनी सवयीनं खिशातून कंगवा काढला आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी कंगवा त्यांच्या हातातून घेतला. दोन्ही हात वर गेले. उजवा जरा थरथरला, पण गेला. मी वेणी घालू लागले. वाकडी होत होती, यांच्यापेक्षाही वाकडी, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हे रिकामे हात घेऊन तसेच उभे होते. "मग मी आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"रबर धरा," मी म्हटलं.

त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.